सांजावच्या जेवणाला विन्यो व्हेर्द: सोबत काय काय ठेवू?

मृद्गंधा

नमस्कार मंडळी,

आम्ही सध्या पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात राहतो. २३ जूनच्या रात्री इथे सेंट जॉनचा मोठा उत्सव असतो. गोव्यातली मंडळी ज्याला सांजाव म्हणतात तोच. रस्त्यारस्त्यावर तारल्या (सार्डिन मासे) भाजतात, लोक एकमेकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे हातोडे हलकेच आपटतात, आणि मध्यरात्री दोउरो नदीवर आतषबाजी होते. यंदा त्या दिवशी आमच्याकडे आठ जण जेवायला आहेत. शेजारचं पोर्तुगीज जोडपं, नवऱ्याचे ऑफिसातले दोघे, पुण्याहून आलेले आत्या आणि काका (दोघंही शाकाहारी, पण काका वाइन घेतात), आणि आम्ही दोघं.

जेवणाबरोबर विन्यो व्हेर्द ही इथली वाइन ठेवायची हे नक्की. पण दुकानात गेलं की अख्खी भिंत तीच. तीन युरोची बाटली आहे आणि पंधराचीही. सगळे म्हणतात, "थंडगार कर, कशाबरोबरही चालते." मला हे पटत नाही. तीन युरोची फसफसणारी आणि पंधरा युरोची आल्व्हारिन्यो (त्याच नावाच्या द्राक्षाची) एकाच पदार्थाला शोभतील असं वाटत नाही.

तर विचारायचं असं: कुठली वाइन कशाबरोबर? तारल्या आणि बाकाल्याव (खारवलेला सुका कॉड) तर असणारच. शिवाय टेबलावर दोन-चार आपले पदार्थ हवेत. सढळ हाताने लिहा.

चिंचगूळ

मस्त धागा. शाकाहारींचं काय ते नीट लिहा कुणीतरी, मी त्यासाठीच वाचतेय.

ब्रागाकर

मृद्गंधा, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. विन्यो व्हेर्द हे एका चवीचं नाव नाही, तो एक प्रदेश आहे. पोर्तुगालचा वायव्य कोपरा, उत्तरेला मिन्यो नदी, पलीकडे स्पेनचा गॅलिसिया. १९०८ साली या प्रदेशाची हद्द कायद्याने आखली गेली. आत नऊ उपविभाग आहेत आणि प्रत्येकाची माती-पाऊस-द्राक्ष वेगळं. अटलांटिकवरून ढग थेट आत येतात, त्यामुळे पाऊस भरपूर आणि जमीन बहुतेक ग्रॅनाइटची. द्राक्षात आंबटपणा टिकतो तो या हवेमुळे.

आता दुकानातली भिंत. पांढऱ्या बाटल्यांचे ढोबळमानाने तीन गट करा.

पहिला, नेहमीच्या मिश्र द्राक्षांच्या स्वस्त बाटल्या. अल्कोहोल ९ ते ११.५ टक्के, जिभेला किंचित चुरचुर, कधी अगदी थोडी साखर ठेवलेली. पूर्वी बाटलीतच दुसरं आंबवण व्हायचं आणि त्यातून बुडबुडे यायचे. आता बहुतेक ठिकाणी भरतानाच थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतात. कासाल गार्सिया हे १९३९पासूनचं नाव याच गटातलं. ही वाइन तळलेल्या, खारट, हाताने खायच्या गोष्टींसाठी.

दुसरा, एकट्या लोरेइरो द्राक्षाची. लिमा नदीचं खोरं हे तिचं घर. वास फुलांचा, संत्र्याच्या मोहोरासारखा. कोथिंबीर, पुदिना, हिरवा मसाला असेल तिथे ही.

तिसरा, आल्व्हारिन्यो. लेबलवर "मोंसांव ई मेल्गासो" हा उपविभाग लिहिलेला शोधा. हा भाग समुद्रापासून डोंगरांनी आडवलेला आहे, उन्हाळा जास्त कडक, पाऊस कमी, त्यामुळे द्राक्ष नीट पिकतं. अल्कोहोल १२-१३ टक्क्यांपर्यंत जातं, बुडबुडे जवळजवळ नसतात, अंग भरलेलं. ही जेवणाची वाइन आहे. भाजलेला मोठा मासा, ऑक्टोपस, लोणी-सायीचे पदार्थ, नारळ.

आठ जणांना पहिल्या गटातल्या तीन आणि आल्व्हारिन्योच्या दोन बाटल्या पुष्कळ. स्वस्त वाइनच्या बाटलीवर साल असेल तर ताजंच घ्या. ती ठेवून सुधारत नाही.

सुकटप्रेमी

ब्रागाकरांना साष्टांग दंडवत. वाचनखूण साठवली.

डोंगरदेवा

थोडा विरोध नोंदवतो. तारलीबरोबर पांढरीच, हे शहरी लोकांनी रूढ केलंय. मिन्योच्या खेड्यांत जाऊन पाहा, तिथले जुने लोक तारलीबरोबर लाल विन्यो व्हेर्द पितात. विन्यांव नावाचं द्राक्ष, ज्याचा गरही रंगीत असतो. वाइन जांभळी-काळी, वर गुलाबी फेस. आणि ती पेल्यात नाही, पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यात ओततात. वाडगं हलवलं की कडेला जांभळा पट्टा उमटतो. रोजोंइश (डुकराच्या चरबीत परतलेलं मांस) आणि नदीतली लांप्रे (बामसारखा लांबट मासा) यांच्यासोबत तर दुसरं काही चालतच नाही. जानेवारी ते एप्रिल लांप्रेचा मोसम, तेव्हा लिमा आणि मिन्योकाठच्या खानावळी भरलेल्या असतात.

ब्रागाकर

डोंगरदेवा, लांप्रेबाबत शंभर टक्के सहमत. तो रस्सा तिच्याच रक्तात आणि लाल वाइनमध्ये शिजतो, तिथे पांढरी बिचारी बुडून जाईल.

तारलीबाबत मात्र सांभाळून. तेलकट मासा आणि लाल वाइन एकत्र आली की पुष्कळदा तोंडात माशाची उग्र, लोखंडासारखी चव मागे राहते. जपानी संशोधकांनी २००९मध्ये दाखवलं की याला वाइनमधलं लोह कारण असतं. विन्यांवची सवय असलेल्या माणसाला तो कडवट-आंबट धक्का हवाच असतो. पण पुण्याच्या काकांना पहिल्याच भेटीत तो देऊ नका.

बार्देशकर

सांजावचं नाव काढलंत आणि राहवलं नाही. आमच्याकडे २४ जूनला डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या. पावसाने विहिरी भरलेल्या, घुमट (मातीचं तालवाद्य) वाजतंय, नवीन जावयाला सासरवाडीहून फळांची भेट. आणि पेल्यात फेणी, वाइन नव्हे. :)

मुद्द्यावर येतो. मृद्गंधा, आपले पदार्थ ठेवणार म्हणता आहात तर एक कळकळीची विनंती. गोंयचं म्हणून रेशाद बांगडा ठेवाल आणि त्याच्यासोबत कोरडी आल्व्हारिन्यो ओताल, तर दोन्ही वाया जातील. रेशाद मसाल्यात काश्मिरी मिरची, लसूण, जिरं आणि माडाचं व्हिनेगर. व्हिनेगर वाइनपेक्षा आंबट असलं की वाइन पाणचट लागते. आणि तिखटाने अल्कोहोल अधिक जाळतं. विंदालू, बाल्शांव या व्हिनेगरच्या पदार्थांचंही तेच.

त्याऐवजी गोंयच्या तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं करा. ओलं खोबरं, थोडी हळद, हिरवी मिरची बेताची, आमसुलं अगदी दोन. तिथे ही वाइन फार छान बसेल.

लिस्बनची_लेक

बार्देशकर, तिसऱ्यांवरून आठवलं. इथली सर्वांत साधी आणि सर्वांत सुंदर डिश म्हणजे आमेइजोश आ बुल्यांव पातो. एकोणिसाव्या शतकातल्या एका कवीच्या नावाने ओळखली जाते. कृती अशी:

तिसऱ्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवून रेती सोडू द्यायची. पसरट भांड्यात भरपूर ऑलिव्ह तेल, ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, लसूण लाल होऊ द्यायची नाही. तिसऱ्या टाकायच्या, पांढऱ्या वाइनचा एक हबका, झाकण. शिंपले उघडले की ओंजळभर चिरलेली कोथिंबीर आणि लिंबू. संपलं. जे शिंपले उघडले नाहीत ते फेकून द्या.

खाली जो रस उरतो तो पावाने पुसून खायचा असतो, आणि खरं सांगायचं तर त्या रसासाठीच लोक मागवतात. युरोपात कोथिंबिरीवर इतकं प्रेम करणारा देश मला तरी दुसरा दिसला नाही. सोबत लोरेइरो ठेवून बघा, कोथिंबीर आणि ती वाइन एकमेकींना ओळखतात.

सुकटप्रेमी

बाकाल्यावबद्दल कुणीच बोलत नाही? तो खारट मासा किती भिजवायचा? आणि त्याच्यावर कुठली वाइन?

लिस्बनची_लेक

सुकटप्रेमी, जाड तुकडे असतील तर ४८ तास, फ्रिजमध्ये, पाणी दिवसातून तीन वेळा बदलून. कातडी वरच्या बाजूला ठेवायची म्हणजे मीठ खाली उतरतं. पातळ फाटे २४ तासांत तयार. भिजल्यावर कडेचा एक तुकडा कच्चाच चाखून बघतात इथे. मीठ कळतं.

वाइन बाकाल्याव "कसा" केलाय त्यावर ठरते, माशावर नाही.

पाश्तेइश द बाकाल्याव, म्हणजे बटाटा-कॉडचे तळलेले लांबट गोळे (पोर्तोत त्यांना बोलिन्योश म्हणतात): पहिल्या गटातली चुरचुरीत वाइन. तळणाचं तेल ती धुऊन काढते.

आ ब्राश, म्हणजे कॉडचे धागे, काडीसारखे तळलेले बटाटे, कांदा, अंडं, वरून काळे ऑलिव्ह: लोरेइरो किंवा साधी आल्व्हारिन्यो.

कों नाताश, म्हणजे सायीत घालून भट्टीत भाजलेला: इथे हलकी वाइन हरते. आल्व्हारिन्यो घ्या, तीही लाकडी पिंपात राहिलेली मिळाली तर उत्तम. नाहीतर सरळ विन्यो व्हेर्द सोडून दांव प्रदेशातली एंक्रुझादो ही पांढरी घ्या.

आ लागारेइरो, म्हणजे ऑलिव्ह तेलात न्हालेला, सोबत ठेचलेले भाजके बटाटे: पुष्कळ पोर्तुगीज माणसं इथे लाल वाइनच घेतात आणि ती चांगली लागते.

डोंगरदेवा

हे मात्र अगदी खरं. आमचे घरमालक बाकाल्यावबरोबर पांढरी दिसली तर चेहरा पाडतात.

शेवगा

चिंचगूळ, शाकाहारींचा प्रश्न माझ्याही जिव्हाळ्याचा, कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि पोर्तुगालमध्ये राहिले आहे.

मृद्गंधाताई, आत्या-काकांसाठी पहिला पदार्थ इथलाच करा. पेइशिन्योश दा ओर्ता. फरसबीच्या अख्ख्या शेंगा किंचित उकडून, मैदा-पाण्याच्या पातळ पिठात बुडवून तळायच्या. इथल्या कृतीत अंडं असतं, ते गाळून थंड सोडा वापरा, जास्त कुरकुरीत होतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी असं तळण जपानला नेलं आणि त्यातून तेंपुरा झाला असं मानतात. शेजाऱ्यांनाही आवडेल की तुम्ही त्यांच्या आजीचा पदार्थ केलात.

मग कोथिंबीर वडी. तीळ घालून, चिंच-गूळ न घालता. लोरेइरोबरोबर.

बटाटेवडा चालेल, पण आत मिरची कमी आणि लसणाची कोरडी चटणी बाजूला. अळूवडी मी टाळेन. चिंच आणि गूळ दोन्ही जोरात असतात, कोरडी वाइन त्यांच्यापुढे कडू लागते. काकांना अळूवडी हवीच असेल तर पहिल्या गटातली किंचित गोडसर बाटली द्या.

काल्दो व्हेर्द हे सूप विसरू नका: बटाट्याचा दाट रस्सा आणि त्यात केसासारखी बारीक चिरलेली कोबीची हिरवी पानं. वरची सॉसेजची चकती फक्त बाकीच्यांच्या वाडग्यात. सांजावच्या रात्री हे पोर्तोत घरोघरी असतं. सोबत ब्रोआ, मक्याचा घट्ट पाव.

आणि चीज! सेर्रा दा एश्त्रेला आणि आझेइतांव ही दोन्ही मेंढीच्या दुधाची चीज प्राण्यांच्या जठरातल्या रेनेटने नाही, तर एका काटेरी रानफुलाच्या तुऱ्यांनी विरजतात. म्हणजे काटेकोर शाकाहारींनाही चालतात. वरचं साल गोल कापून झाकणासारखं उचलायचं आणि आतला मऊ लगदा चमच्याने पावावर. आल्व्हारिन्योसोबत खाल्लं तेव्हा मी पुढचं जेवणच सोडलं.

चिंचगूळ

शेवगा, किती छान लिहिलंस! चीजचं हे माहीतच नव्हतं, मी तर युरोपातली सगळी चीज बाद धरत होते.

पण मग उलट प्रश्न. वाइन तरी शाकाहारी असते का? माशाचं काहीतरी घालून गाळतात असं ऐकलं होतं.

ब्रागाकर

ऐकलंत ते खरं. वाइन निवळायला काही ठिकाणी माशाच्या फुग्याची भुकटी, अंड्याचा पांढरा किंवा दुधातलं केसीन वापरतात. ते गाळासोबत तळाशी बसतं आणि काढून टाकतात, पण काटेकोर माणसाला तेही नको असतं. पांढऱ्या वाइनसाठी बेंटोनाइट नावाची माती सर्रास वापरतात, तिथे प्रश्नच नाही. पुष्कळ पोर्तुगीज बाटल्यांवर आता व्हीगन चिन्ह असतं. काकांसाठी ते बघून घ्या.

नीलकमळ

मी घेत नाही. पण तारल्या-तिसऱ्या वाचून भूक लागली. आमच्यासारख्यांनी त्या पेल्यात काय ओतायचं?

बार्देशकर

कोकम सरबत, साखर कमी, सोड्याबरोबर. आंबट, थंड, फसफसतं. तळलेल्या माशाचं तेल कापायला जे लागतं ते सगळं त्यात आहे. चिमूटभर सैंधव घाला. मृद्गंधा, तुम्हीही एक जग करून ठेवा, आठातले दोघे तरी तेच पितील बघा.

मेलबर्नी

अवांतर, पण आल्व्हारिन्योप्रेमींना सांगितल्याशिवाय राहवत नाही. नदीपलीकडे स्पेनमध्ये हेच द्राक्ष आल्बारिन्यो. त्याची कीर्ती ऐकून आमच्या ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी हौसेने बागा लावल्या, बाटल्या विकल्या, बक्षिसं मिळवली. २००९मध्ये डीएनए तपासणीत कळलं की ते आल्बारिन्यो नाहीच, साव्हान्यां नावाचं फ्रेंच द्राक्ष आहे! युरोपातून कलमं आली तेव्हाच अदलाबदल झाली होती. लोकांना रातोरात लेबलं बदलावी लागली. आता खरी कलमं आणून लावलेल्या बागा आहेत, आणि साव्हान्यांचीही वेगळी चाहती मंडळी तयार झाली आहेत.

टेकडीवरचा

मेलबर्नी, भारी किस्सा!

मी मूळ नाशिकचा, घरी द्राक्षबाग. मिन्योतल्या जुन्या बागांचे फोटो पाहिले तेव्हा थक्क झालो. आपल्यासारखे मांडव! ग्रॅनाइटच्या खांबांवर उंच चढवलेले वेल, त्याखाली मका, कोबी, बटाटा. काही ठिकाणी तर वेल सरळ झाडांवर सोडायचे आणि शिडी लावून तोडणी करायचे. कारण जमीन तुकड्यातुकड्यांची, धान्याला जागा हवी, म्हणून द्राक्ष बांधावर आणि डोक्यावर. शिवाय ओल्या जमिनीपासून वर राहिलं की भुरी-केवडा हे बुरशीचे रोग कमी. आपल्याकडे मांडव कडक उन्हापासून घड झाकायला, तिकडे चिखलापासून वाचवायला. आता नव्या बागा तिथेही तारेवर, कमी उंचीच्या केल्या आहेत, कारण घडाला ऊन मिळालं की साखर चढते.

भारतात विन्यो व्हेर्द शोधणाऱ्यांसाठी: मिळते, पण कमी ठिकाणी आणि वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क भरून आलेली, त्यामुळे तिकडची स्वस्त बाटली इकडे स्वस्त उरत नाही. शिवाय ही ताजी पिण्याची वाइन, गोदामात उन्हात पडून राहिली तर मजा जाते. त्यापेक्षा नाशिकची सोव्हिन्यों ब्लां घ्या. सुला या नाशिकच्या वाइन कंपनीने २०००मध्ये पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या त्यात सोव्हिन्यों ब्लां आणि शेनां ब्लां या दोन होत्या. तळलेल्या बोंबलाबरोबर सोव्हिन्यों, आणि जरा तिखट असेल तर शेनां, कारण ती किंचित गोडसर असते.

अनुस्वार

टेकडीवरचा +१. बोंबील आणि नाशिकची सोव्हिन्यों हे आमच्या घरचं रविवारचं ठरलेलं आहे.

पण बार्देशकरांच्या तिखटाच्या नियमाशी मी पूर्ण सहमत नाही. आमच्या मालवणी घरात सुरमईचं कालवण चांगलं झणझणीत असतं आणि पाहुण्यांनी ९-१० टक्क्यांची थंड विन्यो व्हेर्द आवडीने घेतली आहे. अल्कोहोल कमी असलं की जळजळ वाढत नाही, बुडबुड्यांनी जीभ हलकी होते, आणि नारळ तिखट बराचसा सांभाळून घेतो.

बार्देशकर

अनुस्वार, नारळाचं कालवण आणि व्हिनेगरचा मसाला यांत फरक करतोय मी. नारळ आला की वाइनला बसायला जागा मिळते. तुमच्या कालवणाला माझी हरकत नाही, उलट बोलवा. पण रेशाद आणि विंदालूला मी फेणीच देणार, किंवा थंड बिअर.

अनुस्वार

मग आपलं जमलं. या कधीही.

पाटावरची_मांडणी

तारल्या भाजायच्या कशा ते कुणी सांगेल का? आमच्याकडे नेहमी कालवण किंवा तव्यावर.

ब्रागाकर

तारली पोट न साफ करता, डोक्या-खवल्यांसकट, अख्खी. पण मासा त्या दिवशीचा ताजा हवा, डोळा फुगीर आणि चमकदार. जाड मीठ दोन्ही बाजूंनी, अर्धा-पाऊण तास. कोळसा लाल होऊन वर राख धरली की जाळीवर. एकदाच उलटायची. कातडीला बुडबुडे आले आणि कडा काळ्या झाल्या की उतरवायची.

खायची पद्धत यातली खरी गंमत. ब्रोआची जाड काप हातात, तिच्यावर तारली. बोटांनी वरची कातडी सोलून मांस काट्यावरून सोडवायचं. तेल सगळं पावात उतरतं. तीन-चार तारल्या झाल्या की शेवटी तो तेलाने भिजलेला पाव खायचा. इथे म्हणच आहे, सेंट जॉनला तारली पावावर ठिबकते. जूनच्या सुमाराला ती चरबी धरायला लागते म्हणून. सोबत भाजलेल्या ढोबळी मिरचीची कोशिंबीर, नुसतं तेल आणि मीठ. व्हिनेगर घालू नका, बार्देशकरांचं कारण इथेही लागू.

यावर महाग वाइन उघडू नका. धूर, मीठ, तेल, हात चिकट. इथे पहिल्या गटातलीच बाटली, भरपूर थंड.

मृद्गंधा

मंडळी, किती भरभरून लिहिलंत! शेजारच्या आजींना पेइशिन्योश करतेय म्हटलं तर त्या स्वतः फरसबी निवडायला येणार आहेत.

असं ठरवलंय: सुरुवातीला पेइशिन्योश, कोथिंबीर वडी, बाकाल्यावचे बोलिन्योश, साध्या चुरचुरीत वाइनसोबत. कोकम सोड्याचा जग. मग खाली अंगणात तारल्या, तीच वाइन. वर आल्यावर काल्दो व्हेर्द, गोंयच्या पद्धतीच्या तिसऱ्या आणि मोठ्या कढईत नारळाच्या दुधातला भाज्यांचा रस्सा, आल्व्हारिन्योबरोबर. शेवटी आझेइतांव.

दोन प्रश्न उरले. गोडात पाश्तेल द नाता (कस्टर्ड भरलेल्या छोट्या वाट्या) आणणार आहे, त्याच्याबरोबर कुठली? आणि घरातला फ्रिज लहान आहे, पाच बाटल्या थंड कशा ठेवू?

लिस्बनची_लेक

नाताबरोबर विन्यो व्हेर्द नको, गोडापुढे ती नुसती आंबट लागेल. सेतूबालची मोश्कातेल ही गोड वाइन घ्या, लहान पेल्यात. किंवा तुम्ही पोर्तोतच आहात तर गोडसर पांढरी पोर्ट, थंड करून. तीच पांढरी पोर्ट, जरा कोरडी, टॉनिक आणि लिंबाची फोड घालून पाहुणे येताच दिली तरी शोभते.

शेवगा

नारळाच्या रस्स्यासोबत आल्व्हारिन्यो, ही निवड फार आवडली. त्यात लाल भोपळा घाला. आणि चीज जेवणाआधी दोन तास बाहेर काढा, गार असेल तर चमच्याने निघत नाही.

डोंगरदेवा

एक बाटली विन्यांवचीही ठेवा बाजूला. शेजारच्या आजी कुठल्या गावच्या आहेत त्यावर अवलंबून, पण मिन्योच्या असतील तर खूश होतील.

ब्रागाकर

फ्रिजचं सोपं आहे. धुण्याची मोठी बादली किंवा टब घ्या, अर्धं पाणी अर्धा बर्फ, दोन मुठी जाड मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला सगळीकडून थंडावा लागत नाही, पाण्यात लागतो. साधी वाइन पंधरा-वीस मिनिटांत ८ अंशांपर्यंत येते. आल्व्हारिन्यो टबात आधी घालू नका, ती १०-१२ अंशांवर खुलते. फार गार केली तर वास झोपतो आणि पंधरा युरोची बाटली तीन युरोची लागते. तारल्या खाली भाजायला लागलात की आल्व्हारिन्यो फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवा, वर येईपर्यंत नेमकी होईल.

आणि डोंगरदेवांचं ऐका, आजींना विचारून विन्यांव आणाच. वाडगी आमच्याकडे आहेत, लागली तर ब्रागाहून पाठवतो.